राताये गावची वाट

बोहेमियात मी पहिल्यांदा गेलो तो 2023 सालच्या जुलै महिन्यात. डावा पाय उशीवर ठेवलेला होता, बाहेर साताऱ्याच्या पावसाने धार धरली होती आणि स्वयंपाकघरातून लसणीच्या फोडणीचा वास येत होता. पासपोर्ट लागला नाही, की व्हिसा लागला नाही. दुसऱ्यांदा गेलो तो पुढच्या वर्षी मे महिन्यात, रीतसर विमानात बसून. ह्या दोन प्रवासांपैकी पहिला जास्त कष्टाचा झाला, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचे असे झाले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी दोन महिने घर सोडायचे नाही असे बजावले. चौतीस वर्षे भूमापन खात्यात काढलेला मी माणूस. बांधाबांधाने हिंडण्यात जन्म गेला. अशा माणसाला खिडकीशी बसवून ठेवणे म्हणजे बैलाला दिवाणखान्यात बांधण्यासारखे आहे. चार दिवसांत मी घरातल्या प्रत्येकाशी, म्हणजे एकट्या सौभाग्यवतींशी, दोनदा भांडलो. पाचव्या दिवशी त्यांनी प्रागला चिरंजीवांना फोन लावला आणि माझ्यादेखत तक्रार केली.

चिरंजीव अभिजित 2019 सालापासून प्रागला नोकरी करतो. त्याचे आणि माझे बोलणे तेव्हा रविवारी सरासरी दीड मिनिट चाले. ‘बरे आहे ना?’ ‘बरा आहे.’ ‘थंडी?’ ‘आहे.’ ‘आईला देतो.’ ह्याला एक जुने कारण होते. तो बारावीत असताना रात्र रात्र संगणकावर खेळत बसे. एके दिवशी मी त्या यंत्राच्या सगळ्या वायरी उपटल्या, गुंडाळी करून कपाटात टाकल्या आणि कुलूप घातले. सहा महिने. मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला, पण त्यानंतर माझ्याशी खेळाविषयी एक शब्द बोलला नाही. आणि त्या वयातल्या मुलाजवळ बोलायला दुसरे काय असते!

त्या दिवशी मात्र तो आईला म्हणाला, ‘बाबांना फोन दे.’ आणि मला म्हणाला, ‘बाबा, माझ्या खोलीत यंत्र आहे. मी इथून एक खेळ त्यात घालून देतो. मी राहतो ना, तिथल्याच जवळच्या गावांचा आहे. खरी गावं आहेत. तुम्ही नकाशेवाले, तुम्हांला आवडेल.’

खेळाचे नाव ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’. प्रागच्याच वॉरहॉर्स नावाच्या मंडळींनी तो केला. पैशाची जमवाजमव 2014 साली लोकवर्गणीने झाली. पस्तीस हजारांवर लोकांनी मिळून 11 लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि 2018 च्या फेब्रुवारीत खेळ बाहेर पडला. राक्षस नाहीत, जादू नाही, उडते सर्प नाहीत. साल 1403. चौथा चार्ल्स राजा मरून पंचवीस वर्षे झालेली, त्याचा मुलगा वेन्सेस्लास गादीवर असून कैदेत, आणि कैदेत टाकणारा त्याचाच सावत्र भाऊ सिगिस्मुंड. भाऊबंदकी! हे वाचून मला एकदम घरच्यासारखे वाटले. साताऱ्याच्या माणसाला गादीचे तंटे समजावून सांगावे लागत नाहीत.

पण खेळ सुरू झाला आणि माझा हिरमोड झाला. आपण हेन्री नावाचा लोहाराचा पोरगा. स्कालिट्झ नावाच्या, चांदीच्या खाणींच्या गावात राहतो. सकाळी उशिरा उठतो. बाप सांगतो, कोळसा आण, किल्ल्यातून तलवारीच्या मुठीचे आडवे लोखंड आण, बियर आण, थंडगार आण. कोळशाला पैसे हवेत, ते पैसे कुनेश नावाच्या दारुड्याकडे अडकलेले. मी गेलो, नम्रपणे मागितले. त्याने मला ठोसे लगावून अंगणात पाडले. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला कुणी अंगणात पाडले नव्हते.

मग शत्रूचे सैन्य येते. गाव जळते, आईबाप डोळ्यांदेखत मारले जातात, हेन्री घोड्यावर बसून टाल्मबर्गच्या किल्ल्याकडे पळतो आणि रात्रीचा पुन्हा परत येतो, त्यांना पुरायला. तिथे दरोडेखोर त्याला मरेस्तोवर मारतात आणि बापाने घडवलेली तलवार घेऊन जातात. एवढे सगळे होईपर्यंत माझे तीन दिवस गेले होते आणि तेव्हा कुठे पडद्यावर नाटकाचे नाव झळकले. आमच्याकडे कीर्तनाचे पूर्वरंगसुद्धा ह्याच्या आत उरकते!

ह्यात आणखी एक गंमत होती. संध्याकाळी खेळ संपला की मी रेडिओ बंद करावा तसे यंत्राचे बटण दाबून उठत असे. दुसऱ्या दिवशी पाहतो तो आदल्या दिवशीचे काहीच झालेले नाही! कुनेशकडचे पैसे पुन्हा कुनेशकडे. हा खेळ आपली पावले सहजी नोंदवून ठेवत नाही. स्वतःच्या बिछान्यात झोपावे लागते, नाही तर एक विशिष्ट दारू प्यावी लागते, आणि ती दारू महाग. घरी करायची तर द्राक्षाच्या दारूत खाजकुइलीसारखी एक झोंबरी वनस्पती आणि बेलाडोनाची विषारी फळे मोजून घालावी लागतात, भट्टीवर वाळूच्या घड्याळाने वेळ लावावी लागते. बाहेर पडताना नोंद करून निघण्याची एक साधी सोय खेळाच्या यादीत होती, हे मला दहा दिवसांनी कळले. ते दहा दिवस मी बोहेमियात नक्की काय केले असे कुणी विचारू नये.

राटाय नावाच्या गावात हेन्री शुद्धीवर येतो, एका गिरणीवाल्याच्या घरी. गिरणीवाला उपचाराचे पैसे मागतो आणि ते फेडण्यासाठी काय काम सांगतो, तर फाशी दिलेल्या माणसाची कबर उकरून त्याच्या बोटातली अंगठी काढून आणण्याचे! मी यंत्र बंद केले. अभिजितला फोन केला. म्हटले, ‘हा काय प्रकार? लढता येत नाही, कुलूप उघडता येत नाही, आणि आता हे! मला हा खेळ नको.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बाबा, एकच करा. राटायहून निघा आणि ऊझित्झ गावाला जा. तिथे लेखनिक आहे. त्याला पैसे द्या आणि वाचायला शिका. मग हवं तर सोडून द्या.’

हेन्रीला वाचता येत नाही, हे मला ठाऊक नव्हते. गिरणीत एक पुस्तक उघडले तेव्हा अक्षरे उलटसुलट दिसली होती. मला वाटले, यंत्र बिघडले. पण तो बिघाड नव्हता. निरक्षर माणसाला पान जसे दिसते तसे ते पान मांडलेले होते. मी ऊझित्झला गेलो, लेखनिकाला पैसे मोजले आणि शिकलो. त्यानंतर पुस्तक उघडले, तर ओळीतला एखादा शब्द सरळ आणि बाकीचे अजून वेडेवाकडे. आणखी वाचत गेलो तसा आणखी एखादा शब्द रांगेत उभा राहू लागला.

माझी आई चाळिसाव्या वर्षी अक्षरे शिकली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि पाटीवर मीच तिला गिरवायला देत असे. ती फार हळू शिकते म्हणून मी चिडत असे. एकदा आम्ही एस. टी. ची वाट पाहत उभे होतो, तेव्हा गाडीवरची पाटी पाहून ती म्हणाली, ‘सा... ता... सातारा.’ आणि गाडी निघून जाईपर्यंत तशीच पाहत राहिली. आम्हांला त्याच गाडीने जायचे होते. आईला जाऊन आता अठरा वर्षे झाली. त्या पाटीवर तिला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हे मला ऊझित्झच्या लेखनिकाकडे कळले.

मी खेळ सोडला नाही.

तिथून पुढे मला त्या मुलखाची गोडी लागली. सबंध मुलूख जेमतेम सोळा चौरस किलोमीटरचा, म्हणजे आमच्या हिशेबाने चार हजार एकरांच्या आत. आमच्या तालुक्यातली दोन-तीन गावे त्यात बसतील. पण त्यात रस्त्याने चालत गेले तरच रस्ता कळतो. नवशिक्या हेन्रीचा मी वेग कधी वाढवला नाही. पहाटे राटायच्या वेशीतून निघावे, उतरणीने नदीवर यावे, लेडेच्कोच्या पुलावरून पलीकडे जावे. वाटेत कमरेत वाकून झोंबरी पाने खुडावी, प्रत्येक झाडाला वाकावेच लागते. तलवार बोथट झाली की लोहाराच्या दारातल्या चाकावर, पायाने पायटा मारीत, कोन सांभाळून धार धरावी. कोन चुकला तर पाते बिघडते. अंगावर चिखल असला तर लोक नाक मुरडतात, म्हणून हौदावर हातपाय धुवावे. रात्री गाव निजते. दुकानांना कड्या लागतात. पिशवीतले मांस चार दिवसांनी नासते.

ऊझित्झच्या पाद्रीबाबांनी मला एके रात्री इतकी दारू पाजली की सकाळी त्यांना उठवेना, आणि त्यांच्याऐवजी मलाच चर्चमध्ये प्रवचन करावे लागले. विषय यान हुस ह्या प्रागच्या धर्मोपदेशकाचा. हा हुस पुढे 1415 साली कॉन्स्टन्स येथे जाळला गेला आणि त्यावरून त्या देशात पुढली दोन दशके रणकंदन माजले. ते मी इतिहासाच्या पुस्तकात पूर्वी वाचले होते आणि विसरलो होतो. आता विसरणार नाही, कारण त्या दिवशी माझे डोके अतिशय दुखत होते.

आणि तरी हा खेळ निर्दोष आहे असे मी कुणाला सांगणार नाही. घोडा गुडघ्याएवढ्या झुडपाशी अडून बसतो. बोलणे सुरू होण्यापूर्वी यंत्र इतका विचार करते की माणूस चहा पिऊन येईल. वेगवेगळ्या गावांत तेच तेच चेहरे भेटतात. लढाई करताना तलवार पाच दिशांनी फिरवायची असते. मी सात दिवस राटायच्या आखाड्यात बर्नर्ड नावाच्या सरदाराचा मार खाल्ला, तेव्हा मला दोन दिशा जमल्या. स्त्रियांना मूळ कथेत जागा थोडी. 2019 साली निघालेल्या पुरवणीत थेरेझा नावाच्या मुलीच्या डोळ्यांनी तोच विध्वंस दिसतो, आणि ती पुरवणी मला मुख्य कथेहून बरी वाटली. सर्वांत विचित्र म्हणजे ह्या गावांत मुले नाहीत. दोन महिने हिंडलो. कोंबड्या आहेत, डुकरे आहेत, कुत्री आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, पण एकही पोर नाही. जनगणनेच्या कामाला मी दोनदा गेलो आहे. बिनपोरांचे गाव पाहिले की मला तिथे काहीतरी घडून गेले आहे असे वाटते.

शेवटी काय, तर बापाची तलवार हेन्रीला मिळतच नाही. युद्धही संपत नाही. तो घोड्यावर बसून पुढल्या कामगिरीवर निघतो आणि नावांची यादी सुरू होते. मी यादी सरेपर्यंत बसून राहिलो, पुढे काही येईल म्हणून.

मधल्या काळात आमचे रविवारचे फोन पाऊण तासावर गेले होते. ‘अहो, मला बोलू द्याल का?’ असे सौभाग्यवती म्हणू लागल्या. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघेही प्रागला गेलो, आणि एका शनिवारी बापलेक साझावा नदीच्या गाडीत बसलो.

जलद गाडीही होती, पण मी लांबच्या वाटेचा हट्ट धरला. ही छोटी गाडी प्रागहून निघून आधी व्ल्तावा नदीच्या काठाने जाते आणि मग वळणे घेत साझावाच्या खोऱ्यात शिरते. वाटेत झाम्पाख येथे चाळीस मीटरांहून उंच दगडी पूल आहे. कमानी पाहून मला आमच्या खंडाळ्याच्या घाटाची आठवण झाली. डब्यात पाठीवर पिशव्या टाकलेली तरुण पोरे, खाली नदीत होड्या, काठावर लाकडी झोपड्या. प्रागची मंडळी शंभर वर्षांपासून सुटीला इकडे येतात. मग एका स्टेशनाची पाटी आली, तीनेत्स नाद साझावो. ‘जावा’ मोटरसायकलचे गाव! माझ्या मामांकडे म्हैसूरला तयार झालेली जावा होती, तांबडी. तिच्या मागे बसून मी प्रथम महाबळेश्वर पाहिले. त्या गाडीचे मूळ ह्या नदीकाठी असेल असे मामांना कुणी सांगितले असते, तर त्यांनी नदीचे नाव पाठ केले असते. मी खिडकीतून कारखाना शोधीत राहिलो, तेवढ्यात गाडी हलली.

चेर्चानीला गाडी बदलली. खेळात गावांची जर्मन वळणाची नावे आहेत, आणि पाट्यांवर चेक. सासाऊचे साझावा, राटायचे राताये, ऊझित्झचे ऊझित्से. पूना आणि पुणे ह्यांची सवय असलेल्या माणसाला ह्याचे काही वाटू नये. लेडेच्को मात्र होते तसेच होते.

राताये टेकडीच्या सोंडेवर आहे आणि स्टेशन खाली. चढावर अभिजितने माझा हात धरला. मी म्हटले, ‘सोड. इथून डावीकडे वळण आहे, मग वेस.’ वळण होते. वेस नव्हती. पण गाव दोन टोकांनी दोन किल्ल्यांनी धरलेले होते, अगदी माझ्या डोक्यात होते तसे. वरचा किल्ला पुढे हवेली झाला, आणि खालच्या पिर्कश्टाइनच्या किल्ल्याचे पुढे पाद्रीबाबांचे घर झाले. बुरूज मात्र उभा आहे. अंतरे सगळी चुकलेली होती. खेळ करणाऱ्यांनी गावे एकमेकांजवळ ओढली आहेत. भूमापकाच्या दृष्टीने हा गुन्हा आहे. मी हे अभिजितला सविस्तर सांगू लागलो, तो चौकात एक चेंडू येऊन माझ्या काठीला लागला. मागून दोन मुलगे आणि एक लहान मुलगी धावत आली. मुलीने मला काहीतरी विचारले. अभिजितने उत्तर दिले, मी चेंडू परत केला. ती गेल्यावरही मी उभाच होतो.

‘काय झालं?’

‘काही नाही,’ मी म्हटले. ‘पोरं आहेत इथं.’

तो हसला. त्याला कळले होते.

स्कालिट्से बघायचे मी ठरवले होते, पण किल्ला 1403 साली पडला तो पुन्हा कुणी बांधला नाही. तिथे आता फारसे काही नाही असे कळले, आणि गुडघा बोलू लागला होता. म्हणून गाडीने साझावाच्या मठाकडे आलो.

हा मठ अकराव्या शतकात प्रोकोप नावाच्या साधूने स्थापन केला. सगळीकडे लॅटिनमध्ये पूजा होत असता इथले साधू स्लाव्ह लोकांच्या स्वतःच्या भाषेत ती करीत, आणि त्यापायी शेवटी हाकलले गेले. देवाशी कोणत्या भाषेत बोलावे हा तंटा आळंदीच्या मुलखातल्या माणसाला नवा नाही. खेळातला हेन्री ह्या मठात नवशिका साधू होऊन राहतो. पहाटे प्रार्थना, मग ठरल्या वेळी पुस्तकांची नक्कल, ठरल्या वेळी जेवण. इकडेतिकडे फिरलात तर शिक्षा. पुष्कळ खेळाडूंना हा भाग नकोसा होतो म्हणे. मी सरकारी नोकरी केली असल्यामुळे मला काही जड गेला नाही.

पण मला पाहायचे होते ते बाहेरचे बांधकाम. 1403 मध्ये मठाच्या नव्या चर्चचे काम चालू होते. खेळात परांच्या चढलेल्या आहेत, गवंडी वर आहेत, दगड वर जात आहेत. मी त्या परांचीवर चढून पडलोही आहे. पुढे हुसच्या अनुयायांची युद्धे पेटली आणि काम थांबले. ते पुन्हा पुरे झाले नाही. 1785 साली मठही बंद झाला. आज तिथे आकाशाखाली नुसते खांब आणि कमानी उभ्या आहेत, वर छप्पर नाही, खाली गवत. दगड मात्र ताजे, जणू गवंडी जेवायला गेले आहेत.

आम्ही गवतावर बसलो. त्याने पिशवीतून आईने दिलेल्या दशम्या काढल्या.

‘बाबा,’ तो म्हणाला, ‘बारावीला माझ्या वायरी तुम्ही कपाटात ठेवल्या होत्या ना?’

मी मान हलवली. घास तोंडातच राहिला.

‘किल्ली देवघरात, समईच्या मागे असायची. तुम्ही मोजणीला गावोगाव जायचात तेव्हा मी वायरी काढायचो आणि तुम्ही यायच्या आत परत ठेवायचो. सहाच्या सहा महिने.’

‘मला कसं कळलं नाही?’

‘तुम्ही साखळीची गुंडाळी घालता तशी, उलट्या वेढ्यांची गुंडाळी घातली होतीत. ती शिकायला मला आठ दिवस लागले.’

मी त्याला म्हटले, घालून दाखव. त्याने पाठपिशवीची लांब दोरी सोडली आणि घालून दाखवली. तिसरा वेढा चुकला होता. मी तो दुरुस्त केला. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.